सत्त्याण्णव षटकांचा माणूस

भारताच्या अष्टपैलू खेळाडूंची गोष्ट आपण बहुधा कपिल देवपासून सांगायला घेतो. ती विनू मांकड यांच्यापासून सुरू व्हायला हवी.

12 एप्रिल 1917 रोजी जामनगरला जन्मलेल्या या मुलाला नवानगर संस्थानात प्रशिक्षक बर्ट वेन्सली भेटले आणि त्यांच्या सांगण्यावरून मध्यमगती सोडून तो डाव्या हाताने फिरकी टाकू लागला. फलंदाजी मात्र उजवी. ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने खाल्ली. पहिली कसोटी मिळाली ती 1946 साली, एकोणतिसाव्या वर्षी. त्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी हजारावर धावा केल्या आणि शंभरावर बळी घेतले.

1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. मांकड यांचे त्यात 12 बळी होते, पहिल्या डावात 55 धावांत 8. यष्टीमागे खोकन सेन होते आणि त्यांनी सामन्यात पाच जणांना यष्टिचित केले. चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे ओढण्याची मांकड यांची कला त्या आकड्यात दिसते.

एवढे करूनही त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी मंडळाने त्यांना दिली नाही. घरसंसार असलेल्या व्यावसायिक खेळाडूने मग इंग्लंडमधल्या हॅस्लिंग्डन क्लबशी करार केला, यात त्यांचे काय चुकले? लीड्सला दुसऱ्या डावात भारताचे एकही धाव न होता चार बळी गेले, तेव्हा मंडळाला त्यांची आठवण झाली. क्लबकडून मोकळीक मिळवून ते लॉर्ड्सवर उतरले. सलामीला 72, मग 73 षटके टाकून 5 बळी, पुन्हा सलामीला येऊन 184, आणि शेवटी आणखी 24 षटके. आपण आठ गडी राखून हरलो, तरी क्रिकेटजगत त्या लढतीला ‘मांकडांची कसोटी’ म्हणते. एका माणसाने एका सामन्यात याहून अधिक काय द्यायचे?

पुढे 1956 साली न्यूझीलंडविरुद्ध 231 धावा केल्या, पंकज रॉय यांच्याबरोबर 413 ची सलामी दिली. ती भागीदारी 2008 पर्यंत कोणी ओलांडली नाही. हजार धावा आणि शंभर बळी त्यांनी 23 कसोटींत पुरे केले होते.

आणि तरीही जगाला ते ठाऊक आहेत ते 1947 साली सिडनीला, चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला गोलंदाजाच्या टोकाला धावबाद केल्याबद्दल. त्याआधीच्या सामन्यात ब्राऊनला त्यांनी समज दिली होती. खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी आत्मचरित्रात त्यांची बाजू घेतली. नियमात राहून खेळणाऱ्याच्या नावाला इतकी वर्षे डाग लावणे हा अन्याय होता.

44 कसोटी, 2109 धावा, 162 बळी. 21 ऑगस्ट 1978 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुलगा अशोकही भारताकडून 22 कसोटी खेळला. आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये विनू मांकड यांचे नाव लागायला मात्र 2021 साल उजाडावे लागले.