भूकंपाची तालीम

सुरतेहून धुळ्याकडे येणाऱ्या हमरस्त्यावर, नवापूर तालुक्यांत, विसरवाडी लागते. भोंवतालच्या पाड्यांवर कुडाच्या भिंतींचीं, शेणामातीनें सारवलेलीं कौलारू घरें आहेत. रस्त्याच्या कडेस मात्र सिमेंटचीं घरें उठत आहेत. आमचे एक स्नेही तेथें शिक्षक आहेत. त्यांनीं घरावर माडी चढविण्याचा व खालीं दुकानासाठीं नुसते खांब ठेवण्याचा बेत आम्हांस सांगितला. सातपुड्यांत १४ मार्च १९३८ रोजीं मोठा भूकंप झाला होता. तसा पुन्हां झाला, तर हें घर टिकेल काय?

वाचकांनीं एक प्रयोग घरींच करून पाहावा. परातींत घट्ट कणकेचा गोळा थापून त्यांत खराट्याचे दोन हीर, एक वीतभर व दुसरा हातभर, उभे खोंवावे आणि प्रत्येकाच्या शेंड्यास कणकेची गोळी लावावी. परात सावकाश हलविली, तर लांब हीर डोलतो, आखूड जवळजवळ स्वस्थ राहतो. झपाझप हलविली, तर आखूड थरारूं लागतो. इमारतींचेंही असेंच आहे. एका झोक्यास प्रत्येकीला ठराविक वेळ लागतो. स्थूलमानानें दर मजल्यास सेकंदाचा दहावा भाग. जमिनीची लय त्याच्याशीं जुळली, कीं पाळण्याप्रमाणें झोका वाढत जातो.

हीच तालीम शास्त्रज्ञ गणितानें करितात. त्यासाठीं जमीन कशी हलली याची नोंद हवी, आणि अशी एक मोलाची नोंद महाराष्ट्रानें जगास दिली आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस भूकंप झाला, तेव्हां धरणांतील यंत्र चालू होतें. धरण आंखतांना गुरुत्वाच्या विसाव्या हिश्शाइतका आडवा जोर धरला होता. यंत्रानें निम्म्याहून अधिक नोंदला. धरण उभें राहिलें, परंतु वरच्या भागांत, जेथें त्याची जाडी झपाट्यानें कमी होते, तेथें आडव्या भेगा पडल्या. पुढें अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं ती नोंद घेऊन गणित मांडलें, तों मोठा ताण त्याच जागीं आला!

त्यांतून घरासाठीं दोन गोष्टी कळतात. वजन जितकें अधिक, तितका जोर अधिक. आणि मोड येते ती दुबळ्या जागीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस मातींत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. २६ जानेवारी २००१ रोजीं भूज भागांतील भूकंपानें दोनशें किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेंत अनेक उंच इमारती पडल्या. त्यांतील बऱ्याच खालीं मोकळ्या खांबांवर उभ्या होत्या.

कुडाचें घर हलकें व लवचिक, म्हणून त्यास भूकंपाचें भय कमी. याचा अर्थ सर्वांनीं कुडांत राहावें असा नव्हे. माडी अवश्य चढवावी. परंतु खालच्या मजल्यांत भरीव भिंती राखाव्या, दारांखिडक्यांवरून चहूंबाजूंस लोखंडी सळ्यांचा अखंड सिमेंटचा पट्टा फिरवावा, आणि आराखडा जाणत्या अभियंत्यास दाखवावा. आमच्या स्नेह्यांनीं दुकानाचें एक दार कमी केलें आहे. गिऱ्हाईक थोडें वळसा घालून येईल. माडीवर निजलेलीं मुलें मात्र निर्धास्त निजतील.