१९ मार्चचा अन्नत्याग कशासाठी?

दरवर्षी १९ मार्चला महाराष्ट्रात ठिकठिकाणी माणसे दिवसभर जेवत नाहीत. त्या दिवशी कुठले व्रत नसते, कुठला नवसही नसतो. १९८६ साली याच तारखेला आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या चीलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी वर्ध्याजवळच्या दत्तपूर इथे पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. ते गावचे सरपंच राहिलेले, भजनात रमणारे गृहस्थ होते. शेतकऱ्याची दैना सांगणारी चिठ्ठी त्यांनी मागे ठेवली होती. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते. २०१७ पासून अमर हबीब यांच्या पुढाकारातल्या किसानपुत्र आंदोलनाने या दिवशी एक दिवसाच्या अन्नत्यागाची हाक द्यायला सुरुवात केली.

चीलगव्हाण महागाव तालुक्यात, जिल्ह्याच्या दक्षिणेला, आपले बाभुळगाव उत्तरेला. पण कापूस तोच, पावसाची वाट पाहणे तेच आणि कर्जही तेच. म्हणून इथल्या माणसाला प्रश्न पडणारच : एवढी वर्षे लोटल्यावर ते दुःख पुन्हा का उगाळायचे?

उत्तराची सुरुवात घरापासून करू. माणूस गेल्यावर आपल्याकडे तेरवी होते, वर्षश्राद्ध होते. वर्षातला पहिला सण आला की सोयरे दुखवटा काढायला येतात. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात. पितृपक्षात प्रत्येकाची तिथी असते. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या, आणि शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी तिच्या आदल्या दिवशीची चतुर्दशी. कुणी विस्मरणात जाऊ नये, अवेळी गेलेला तर मुळीच नाही, याची तजवीज वर्षाच्या चक्रातच केलेली आहे.

या तजविजीमागे अनुभव आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूची तारीख जवळ आली की झोप उडते, जेवण जात नाही, चिडचिड होते. हे मानसोपचार करणाऱ्यांनाही चांगले ठाऊक आहे. दुःख असेही परत येणारच असते. दिवस ठरलेला असला की ते एकट्याच्या अंगावर येत नाही. त्या दिवशी चार माणसे दारात येतात, नाव घेतात, घरातल्यांना बोलू देतात.

मग घरचे दुःख गावाचे कधी होते? मृत्यूचे कारण त्या घरापुरते नसते तेव्हा. नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाच्या अधिवेशन काळात, गोवारी समाजाच्या मोर्चावर लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण दगावले. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. तेव्हापासून दर २३ नोव्हेंबरला गोवारी बांधव नागपुरातल्या शहीद स्मारकाशी जमतात. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून त्या तारखेला श्रद्धांजलीबरोबर मागणीही जिवंत राहते.

मुंबईतल्या हुतात्मा चौकात मात्र वेगळे घडते. २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबारात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या पुढच्या लढ्यात माणसे गेली, पण १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. तिथे आज कृतज्ञतेने फूल वाहिले जाते. मागणी पुरी झाली की स्मृतिदिनाचा सूर असा बदलतो.

१९ मार्चचा सूर अजून बदललेला नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यानंतरही आत्महत्या थांबल्या नाहीत. किसानपुत्र आंदोलन कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा म्हणते. काहींना हा उपाय पटतो, काही हमीभावाचा किंवा सिंचनाचा आग्रह धरतात. तो वाद जरूर व्हावा, आणि हा दिवस त्याला दरवर्षी निमित्त देतो.

या दिवसाची गरज आणखी एका कारणाने आहे. आत्महत्या झाली की सरकारी चौकशीत कर्जाचे, जमिनीचे कागद तपासले जातात आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरले तर एक लाखाची मदत. अपात्र ठरलेल्या घराला ती नाही. मदत वाटायला काही नियम लागतात, हे खरे. पण अपात्र शेरा बसलेल्या घरातही लेकरे पोरकी झालेली असतात, आणि समाजाने त्यांचेही दुःख मोजायला हवे. १९ मार्चला जेवण सोडणारा माणूस कुणाचा सातबारा मागत नाही.

अन्नत्यागाला मंडप लागत नाही, वर्गणी लागत नाही. यवतमाळच्या बाजारात कापूस घेऊन गेलेला शेतकरी तो करू शकतो आणि पुण्यात नोकरी करणारा त्याचा मुलगाही. पिकवणाऱ्यासाठी त्याच्याच पिकाचा घास एक दिवस बाजूला ठेवायचा, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

पण बाभुळगावात तेवढ्यावर थांबू नये. ज्या घरात असा मृत्यू झाला आहे, त्या घराची स्वतःची तारीख लक्षात ठेवावी आणि त्या आठवड्यात तिथे जावे. खरिपाचे कर्ज, मुलांची फी, बाईच्या नावावर जमिनीची नोंद यांतले काय अडले आहे ते विचारून एक काम तरी मार्गी लावावे. कुणाचे बोलणे निराशेचे वाटले तर त्याला एकटे न सोडता १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर फोन लावून द्यावा. ती सेवा मोफत आहे. गेलेल्यांचे नाव घेण्याचा हक्क आपल्याला राहिलेल्यांच्या अशा सोबतीतूनच मिळतो.