हौसेलाहि तिथि हवी

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनांत एक यादी असते. ती बाजारहाटाची नव्हे, देण्याघेण्याचीहि नव्हे. एकदां तरी कळसूबाई चढावी, पोहावयास शिकावें, पेटीवर एखादा राग वाजवितां यावा, अशा निर्मळ हौसेची ती यादी. तिला अलीकडे ‘बकेट लिस्ट’ म्हणतात. २००७ सालच्या एका अमेरिकन चित्रपटानें हें नांव सर्वतोमुखीं केलें आणि २०१८ सालीं त्याच नांवाचा मराठी बोलपटहि निघाला. यादी करणें सोपें आहे. ती पुढें कां सरकत नाहीं, याचा आज आपण विचार करूं.

कारण साधें आहे. विजेच्या बिलास मुदत असते, मुलांच्या परीक्षेस तारीख असते. हौसेस मात्र कोणीच तगादा लावीत नाहीं. आमच्या आईची एकच हौस होती. शिवाजी महाराजांनीं १६६४ ते १६६७ या काळांत बांधविलेला मालवणचा सिंधुदुर्ग पाहावा, आणि भर समुद्रांत असूनहि गोडें पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तिन्ही विहिरी डोळ्यांनीं पाहाव्या. “पुढच्या सुटींत जाऊं,” असें आम्ही दहा वर्षें म्हणत राहिलों. अखेर निघालों तो महिना आषाढाचा! पावसाळ्यांत मालवणहून किल्ल्यास होड्या जात नाहींत, हें आम्हांस धक्क्यावर पोहोंचल्यावर समजलें.

यावरून पहिला धडा असा कीं, यादींतील प्रत्येक हौसेपुढें तिचा ऋतु लिहावा. कासच्या पठारावरील फुलें साधारणतः ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या दिवसांत पाहावयाचीं. भंडारदऱ्याचे काजवे पावसाच्या तोंडावर. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदांच फुलते. तो मोसम चुकला, तर पुढची वाट फार लांबची!

दुसरा धडा मानसशास्त्राचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोल्विट्झर यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत असें मांडलें आहे कीं, नुसती इच्छा धरणाऱ्यापेक्षां केव्हां, कोठें व कसें हें आधींच ठरविणारा मनुष्य आपला बेत तडीस नेण्याचा संभव अधिक. “केव्हां तरी पोहावयास शिकेन,” हें झालें स्वप्न. “येत्या रविवारीं सकाळीं सात वाजतां तलावावर जाऊन नांव नोंदवीन,” हा झाला बेत.

तिसरी गोष्ट, मोठ्या हौसेचे लहान घांस करावे. मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशांत समाविष्ट झाले. ते सर्व पाहावयाचे असें एखाद्यानें ठरविलें, तर त्यांत १५६७ मीटर उंचीचा साल्हेर आहे आणि तामिळनाडूंतील जिंजीहि आहे. आरंभींच त्यांकडे पाहिलें, तर छाती दडपावयाचीच! त्यानें प्रथम लोहगड किंवा शिवनेरी करावा आणि घरीं येतांच त्या नांवापुढें खूण करावी. ती एक खूण पुढच्या गडाची वाट सोपी करते.

शेवटचा मुद्दा क्रमाचा. आपण यादी आवडीप्रमाणें लावतों. ती शक्तीप्रमाणें लावावी. पेटी साठाव्या वर्षींहि शिकतां येईल. गड चढावयाचा तो गुडघे साथ देत आहेत तोंच. आणि ज्या हौसेंत घरच्या वडीलधाऱ्यांची सोबत आहे, तिला सर्वांत वरचें स्थान द्यावें.

पुढच्या माघांत आम्ही पुन्हां मालवणास गेलों. समुद्र शांत होता. आई होडींतून किल्ल्यापर्यंत आली, पण तोंवर तिचे गुडघे पार धरले होते. महाद्वाराशीं ती तटाच्या दगडावरून हात फिरवीत बसली. विहिरी तिनें पाहिल्या नाहींत. आम्हीं तांब्यांतून आणलेलें पाणी मात्र ती तृप्तीनें प्याली. घरीं आल्यावर हिशेबाच्या वहींत तिनें स्वहस्तें ‘सिंधुदुर्ग’ या शब्दापुढें खूण केली. आमच्या मनांत मात्र त्या गमावलेल्या दहा वर्षांचा हिशेब राहिला.

म्हणून, श्रोतेहो, आज रात्रीं भिंतीवरची दिनदर्शिका खालीं काढा, घरांतील वडीलधाऱ्यांना त्यांची हौस विचारा, आणि निदान एका हौसेस तिथि द्या.