पाणी सोडणारे, माती अडवणारे कापड



काळ्या रानात वर्षानुवर्षे ऊस आणि वर मोकाट पाणी, यामुळे जमिनीतील पाण्याची पातळी चढते. वर पांढरा क्षार फुटतो, मुळ्या गुदमरतात, उगवण विरळ होते. अशा रानात खताचे आणखी एक पोते टाकून भागत नाही. मुळाखालचे पाणी बाहेर काढावे लागते. सांगली-कोल्हापूर भागात त्यासाठी सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा अनेकांनी केला आहे.

पाईपची चौकशी सगळे करतात. पाईपवर गुंडाळलेल्या कापडाची कोणी करत नाही. खर्चाला कात्री लावायची म्हटले की पहिली तिथेच लागते, आणि पुढे पाईप गाळाने भरून केलेला सगळा खर्च मातीत जातो.

या कापडाला जिओटेक्सटाईल म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यात १९२६ साली रस्त्याच्या कामात सुती कापड वापरून पाहिले होते. १९५३ च्या समुद्री पुरानंतर हॉलंडने बंधाऱ्यांच्या कामात कृत्रिम धाग्याची कापडे वापरली. सुती कापड मातीत कुजते. निचऱ्यासाठी वापरतात ते पॉलिप्रॉपिलीनचे कापड कुजत नाही.

त्याचे काम दुहेरी आहे : पाणी सोडायचे, माती अडवायची. सुरुवातीला थोडी बारीक माती पाण्याबरोबर निघून जाते. मग कापडाबाहेर जाड कणांचा थर बसतो आणि तोच गाळणीचे काम करतो. म्हणून नव्या पाईपला पहिले काही दिवस गढूळ पाणी आले तर घाबरू नये. पण पाणी नितळ होतच नसेल, तर कापड फाटले आहे किंवा जोड उघडा राहिला आहे असे समजावे.

काम करताना एवढे सांभाळा :

१. कापडाऐवजी बारदान नको, ते कुजते. प्लॅस्टिकचा कागद तर नकोच, तो पाणीच अडवतो.

२. कापडाच्या छिद्रांचा आकार मातीवर ठरतो. आधी मातीची तपासणी, मग खरेदी.

३. गुंडाळलेले पाईप उन्हात टाकून ठेवू नयेत. उन्हाने धागा कमजोर होतो.

४. चरीत चिखल असताना पाईप टाकू नये. चिखल कापडात बसला की छिद्रे बुजतात.

हेच कापड पाणंद रस्त्यालाही उपयोगी आहे. काळ्या मातीवर टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत खाली जातो आणि ऐन तोडणीत ट्रॉली रुतते. मध्ये कापड अंथरले तर मुरूम वर आणि माती खाली राहते.

मात्र चोपण जमिनीत नुसता निचरा पुरत नाही, जिप्समही लागते. आणि आपल्या रानातले पाणी खालच्या भावकीच्या रानात सोडणे हा निचरा नव्हे. नाल्यापर्यंतची वाट शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावी, मगच चर खोदावी.

— ऊस विकास अधिकारी