मनोरंजनोद्यान-भित्तिपत्रके

मनोरंजनोद्यान-भित्तिपत्रके : मनोरंजनोद्यानातील एखादी सफर, खेळ किंवा देखावा यांची प्रेक्षकांना ओळख करून देण्यासाठी तयार करण्यात येणारी सचित्र भित्तिपत्रके. ती मुख्यत्वे उद्यानाच्या प्रवेशमार्गावर व कुंपणावर लावली जातात. सामान्य जाहिरात ग्राहकाला घरातून बाहेर पडण्यास प्रवृत्त करते. ही भित्तिपत्रके मात्र उद्यानाच्या दारापर्यंत येऊन पोहोचलेल्या प्रेक्षकाला आत काय पाहावे, हे सुचवितात. या प्रकाराचा सर्वांत सलग व समृद्ध संग्रह अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील डिझ्नीलँड या उद्यानासाठी १९५५ नंतर निर्माण झाला. त्याचे स्वरूप मुद्रणाचे तंत्र व उद्यानाची तिकीटपद्धती या दोन व्यावहारिक गोष्टींनी घडविले. काही हंगामांपुरती म्हणून छापलेली ही पत्रके मोडून टाकलेल्या अनेक आकर्षणांच्या उरलेल्या थोड्या पुराव्यांपैकी एक ठरली असून, त्यामुळेच त्यांच्या अभ्यासाला व जतनाला महत्त्व आले आहे.

पूर्वपीठिका : करमणुकीच्या स्थळांसाठी रंगीत भित्तिपत्रके वापरण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातील रंगीत शिलामुद्रणाबरोबर रूढ झाली. फ्रेंच चित्रकार झ्यूल शेरे (१८३६–१९३२) याने १८६६ पासून पॅरिसमध्ये स्वतःचे मुद्रणालय चालवून नाट्यगृहे, नृत्यगृहे व उपाहारगृहे यांची भित्तिपत्रके छापली. मूलँ रूझ या नृत्यगृहासाठी १८८९ मध्ये त्याने केलेले भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. मोजके ठळक रंग, मधोमध एखादी गतिमान आकृती आणि चित्राशी एकजीव झालेली अक्षरे ही त्याची वैशिष्ट्ये पुढील सर्व भित्तिपत्रककलेत उतरली. अमेरिकेत हेच काम सर्कशींनी केले. सिनसिनाटी येथील स्ट्रोब्रिज या मुद्रणसंस्थेने बार्नम अँड बेली सर्कशीसाठी छापलेली मोठी भित्तिपत्रके अनेक कागद जोडून कोठारांच्या व दुकानांच्या भिंतींवर चिकटविली जात.

जुन्या करमणूक-उद्यानांना मात्र आवारात भित्तिपत्रकांची गरज कमी वाटे. न्यूयॉर्कजवळील कोनी बेटावरील स्टीपलचेस पार्क (१८९७), लूना पार्क (१९०३) आणि ड्रीमलँड (१९०४) या उद्यानांत विजेच्या दिव्यांनी झगमगणारे दर्शनी भाग, रंगविलेले फलक आणि दाराशी उभे राहून मोठ्याने गर्दी बोलावणारे लोक हेच आमंत्रणाचे साधन होते.

या प्रकारावर दुसरा व अधिक खोल संस्कार प्रवासविषयक भित्तिपत्रकांचा झाला. इंग्लंडमधील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी जॉन हॅसल याने १९०८ मध्ये स्केगनेस या समुद्रकाठच्या गावाचे केलेले भित्तिपत्रक आणि फ्रान्समध्ये कासांद्र याने ‘नॉर एक्स्प्रेस’ (१९२७) ही आगगाडी व ‘नॉर्मांदी’ (१९३५) ही आगबोट यांची केलेली भित्तिपत्रके या परंपरेतील ठळक उदाहरणे होत. त्यांत स्थळाची तपशीलवार माहिती नसते. तेथे जाण्याची ओढ एका दृष्टिक्षेपात निर्माण करणे हा त्यांचा हेतू असतो. खालच्या कोनातून पाहिल्यासारखे भव्य वाहन, तिरकस रेषांनी सूचित केलेला वेग व सपाट रंगांचे मोठे पृष्ठभाग ही त्यांची भाषा होती.

तंत्र : डिझ्नीलँडची मूळ भित्तिपत्रके जाळीमुद्रणाने छापण्यात आली. लग्नपत्रिका व दुकानांचे फलक यांच्या छपाईमुळे हे तंत्र महाराष्ट्रातही स्क्रीन प्रिंटिंग या नावाने परिचित आहे. लाकडी चौकटीवर रेशमाचे किंवा तत्सम विरळ विणीचे कापड ताणून बसवितात. जेथे रंग उमटावयाचा नसेल तेथील छिद्रे हाताने कापलेल्या पातळ पटलाने बंद करतात आणि रबरी पट्टीने दाट शाई जाळीतून खालच्या कागदावर दाबतात. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी लागते. एक रंग वाळल्यावर दुसरा छापावा लागतो आणि प्रत्येक वेळी कागद नेमक्या त्याच जागी बसवावा लागतो. इंग्लंडमधील सॅम्युअल सायमन याने १९०७ मध्ये या प्रकारच्या मुद्रणाचे एकस्व घेतले होते. अमेरिकेत या तंत्राला कलेची प्रतिष्ठा मिळाली ती महामंदीच्या काळात. बेकार कलावंतांना काम देण्यासाठी शासनाने चालविलेल्या फेडरल आर्ट प्रॉजेक्ट (१९३५–४३) या योजनेत अँथनी व्हेलोनिस याने न्यूयॉर्कमध्ये भित्तिपत्रकांसाठी त्याचा पद्धतशीर प्रसार केला. १९३८ ते १९४१ या काळात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे याच तंत्राने छापलेली राष्ट्रीय उद्यानांची भित्तिपत्रके डिझ्नीलँडच्या भित्तिपत्रकांशी शैलीने जवळची आहेत.

मनोरंजनोद्यानाच्या दृष्टीने या तंत्राचा मोठा लाभ म्हणजे थोड्या प्रती काढणे परवडते. एका आकर्षणाचे भित्तिपत्रक लाखोंनी छापावयाचे नसते. शिवाय जाळीतून उतरणारी शाई दाट व अपारदर्शक असल्याने रंग दुरूनही ठसठशीत दिसतात. प्रत्येक वाढीव रंगाबरोबर एक जाळी व एक छपाई वाढत असल्यामुळे चित्रकाराला रंगांची काटकसर करावी लागे. छायाभेद दाखविण्याऐवजी तो आकृतींचे सपाट तुकडे पाडी, कागदाचा किंवा पार्श्वभूमीचा रंग आकृतीतच वापरून घेई आणि दोन रंग एकमेकांवर छापून तिसरा साधी. या भित्तिपत्रकांची ‘शैली’ म्हणून जे आज वाखाणले जाते, त्याचा बराचसा भाग या मर्यादेतून जन्मला आहे.

डिझ्नीलँड : वॉल्ट डिझ्नी (१९०१–६६) याने १७ जुलै १९५५ रोजी ॲनाहाइम येथे हे उद्यान सुरू केले. जुन्या करमणूक-उद्यानांतील अस्वच्छता व गलबला टाळून साहसभूमी, सीमाभूमी, कल्पनाभूमी, उद्याची भूमी अशा विभागांत प्रेक्षकाला कथेत शिरल्याचा अनुभव द्यावा, ही त्यामागील कल्पना होती. अशा उद्यानात दाराशी ओरडणाऱ्या माणसाला स्थान नव्हते. त्याचे काम भित्तिपत्रकाकडे आले. प्रवेशद्वारानंतर प्रेक्षकाला आगगाडीच्या मार्गाखालील बोगद्यातून जावे लागते. या बोगद्यांच्या भिंतींवर भित्तिपत्रके लावण्यात आली. चित्रपटगृहाच्या दालनात आगामी चित्रपटांची भित्तिपत्रके लावण्याची जी रीत आहे, तिचेच हे रूपांतर होय. बोगदा ओलांडण्यापूर्वीच नदीतील बोटी, अग्निबाण, परीकथेतील उड्डाणे यांची चित्रे प्रेक्षकाच्या मनात भरत.

या भित्तिपत्रकांचा आकार सु. ९१ × १३७ सेंमी. इतका असे. पहिल्या संचातील अनेक भित्तिपत्रके ब्यर्न आरोन्सन याने केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पॉल हार्टली याने हे काम पुढे नेले. १९५९ मध्ये मॅटरहॉर्न पर्वताची प्रतिकृती, पाणबुडीची सफर व एकरूळी गाडी ही तीन मोठी आकर्षणे सुरू झाली व त्यांची भित्तिपत्रकेही संग्रहात आली. रॉली क्रंप (उडत्या तबकड्या, १९६१), केन चॅपमन व मार्क डेव्हिस (झपाटलेला वाडा, १९६९) आणि १९७० च्या दशकात जिम मायकेलसन यांची कामगिरीही उल्लेखनीय आहे. यांतील अनेक कलावंत उद्यानाची आखणी करणाऱ्या संस्थेतच काम करीत. त्यामुळे भित्तिपत्रकाचा आधार बहुधा आकर्षणासाठी आधी काढलेली संकल्पचित्रे हाच असे. सफर प्रत्यक्षात कशी दिसते यापेक्षा ती कशी वाटावी हे या चित्रांत उमटले आहे. वाहनात बसलेली छोटी माणसे आणि त्यांच्याभोवती अवाढव्य झालेला पर्वत, सागर वा अवकाश अशी रचना वारंवार आढळते.

तिकीटपद्धती व भित्तिपत्रके : ही भित्तिपत्रके केवळ शोभेची नव्हती. ऑक्टोबर १९५५ पासून डिझ्नीलँडमध्ये तिकिटांची पुस्तिका मिळू लागली. आकर्षणांची ए, बी, सी अशी वर्गवारी करून प्रत्येक वर्गाची ठराविक तिकिटे तीत असत. १९५६ मध्ये डी व १९५९ मध्ये सर्वांत महाग असा ई वर्ग आला. पुस्तिकेत वरच्या वर्गाची तिकिटे मोजकीच असल्याने ती कोठे खर्च करावयाची, हा प्रत्येक कुटुंबापुढचा खरा प्रश्न होता. या निवडीच्या वेळी भित्तिपत्रकाचे आवाहन उपयोगी पडे. १९८२ मध्ये ही पद्धती बंद होऊन एकाच शुल्कात सर्व आकर्षणे खुली झाली. त्यानंतरही भित्तिपत्रके निघत राहिली. परंतु त्यांचे कार्य निवड घडविण्यापेक्षा वातावरणनिर्मिती व स्मरणरंजन यांकडे झुकले.

प्रायोजक संस्थांची नावेही अनेक भित्तिपत्रकांवर ठळकपणे आढळतात. मोटारींच्या सफरीवर रिचफील्ड ही तेलसंस्था, १९६७ मधील लोकवाहक गाडीवर गुडइयर ही टायरसंस्था आणि अणूच्या अंतरंगाच्या सफरीवर मॉन्सँटो ही रसायनसंस्था यांची नावे येतात. अमेरिकन उद्योगसंस्थांना विज्ञान व प्रगती यांच्याशी आपले नाव कसे जोडावेसे वाटत होते, याचा हा बोलका पुरावा आहे.

बदलत्या भविष्याची नोंद : उद्याची भूमी या विभागाची भित्तिपत्रके इतिहासदृष्ट्या विशेष उद्‌बोधक आहेत. १९५५ मध्ये ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स या हवाई वाहतूक संस्थेच्या प्रायोजकत्वाखाली ‘रॉकेट टू द मून’ ही चंद्रसफर सुरू झाली. त्या वेळी मानवनिर्मित उपग्रहही अवकाशात गेलेला नव्हता आणि भित्तिपत्रकावरील अग्निबाण निव्वळ कल्पनेचा विषय होता. १९६७ मध्ये ही सफर ‘फ्लाइट टू द मून’ या नावाने नव्याने सादर झाली. दोनच वर्षांनी, २० जुलै १९६९ रोजी, मानव प्रत्यक्ष चंद्रावर उतरला व कल्पनेतील नवलाई ओसरली. १९७५ मध्ये गंतव्यस्थान बदलून ‘मिशन टू मार्स’ ही मंगळसफर करण्यात आली. ती १९९२ मध्ये बंद पडली व पुढे त्या जागी उपाहारगृह झाले. एकाच इमारतीची ही भित्तिपत्रके शेजारी ठेवली असता, भविष्याविषयीच्या कल्पना वास्तवाच्या किती लवकर मागे पडतात, हे दिसून येते.

इतर अनेक आकर्षणांची कथाही अशीच आहे. उडत्या तबकड्या (१९६१–६६), अणूच्या अंतरंगाची सफर (१९६७–८५), तारेवरील पाळणे (१९५६–९४) व लोकवाहक गाडी (१९६७–९५) ही सर्व बंद झाली. इमारत पाडली जाते किंवा तिचा उपयोग बदलतो आणि यंत्रे मोडीत निघतात; त्या अनुभवाचा रंग, वेग व भाव यांची कल्पना देणारे एकत्रित चित्र बहुधा भित्तिपत्रकातच उरते.

पुढे फ्लॉरिडा (१९७१), टोकिओ (१९८३) व पॅरिस (१९९२) येथील डिझ्नी उद्यानांसाठीही या परंपरेतील भित्तिपत्रके करण्यात आली. काही वेळा जुनीच रचना स्थानिक नावे घालून वापरली गेली, तर काही वेळा नवी रचना झाली.

पुरावा म्हणून मर्यादा : भित्तिपत्रक हे आमंत्रण असते, अहवाल नव्हे, म्हणून त्यातील देखावा जसाच्या तसा ग्राह्य मानता येत नाही. प्रवासविषयक भित्तिपत्रकांकडून आलेली दूरदेशांविषयीची वसाहतकालीन दृष्टीही या उद्यानांच्या कल्पनाविश्वात उतरली. आफ्रिका, आशिया वा दक्षिण अमेरिका हे गोऱ्या प्रवाशाच्या साहसाचे रान आहे, असे तीत गृहीत धरलेले असते. ‘जंगल क्रूझ’ या १९५५ पासून चालत आलेल्या सफरीतील आदिवासींचे हिणकस चित्रण २०२१ मध्ये बदलण्यात आले. ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६) या वादग्रस्त चित्रपटावर आधारलेली ‘स्प्लॅश माउंटन’ ही जलसफर अमेरिकेतील दोन्ही उद्यानांत २०२३ मध्ये बंद झाली. अशा आकर्षणांची भित्तिपत्रके दर्शनी भिंतीवरून उतरविणे योग्य असले, तरी ती नष्ट करणे इतिहासाच्या दृष्टीने हानिकारक ठरेल. एका काळातील लोकांना काय रम्य वाटत होते व काय खटकत नव्हते, हे त्यांवरूनच कळते.

जतन : मूळ प्रती थोड्या छापल्या गेल्या व त्यांतील बहुतेक उघड्यावर लागल्या. उन्हातील अतिनील किरणांनी रंग फिके होतात, आम्लयुक्त कागद पिवळा व ठिसूळ बनतो आणि फलकावर चिकटविलेला कागद सुटा करताना फाटतो. पूर्वी निरुपयोगी म्हणून टाकली गेलेली ही पत्रके आता लिलावांत हजारो डॉलरना विकली जातात. साहजिकच नव्याने छापलेल्या प्रती जुन्या म्हणून खपविण्याचा धोकाही वाढला आहे. मूळ जाळीमुद्रित प्रतीत शाईचा थर सलग असून त्याची कडा बोटाला किंचित जाणवते. यांत्रिक पुनर्मुद्रणात भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. कागदाचा आकार व प्रायोजकाचे नाव यांवरूनही काळ ठरविण्यास मदत होते.

बहुतेक भित्तिपत्रकांवर चित्रकाराचे नाव नसल्याने श्रेय निश्चित करण्याचे काम उशिरा सुरू झाले. डॅनी हँडकी व व्हॅनेसा हंट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पोस्टर आर्ट ऑफ द डिझ्नी पार्क्स’ या ग्रंथामुळे हा संग्रह प्रथमच मोठ्या प्रमाणावर एकत्रितपणे अभ्यासकांपुढे आला. जाळी कापणाऱ्या व छापणाऱ्या कारागिरांचा वाटा या भित्तिपत्रकांच्या परिणामात चित्रकाराइतकाच मोलाचा आहे; त्यांची नोंद मात्र अद्यापि अपुरी आहे.