दोन ‘आर’ आणि एक ‘एच’ : रुग्णाच्या कागदांवरील एक अक्षरसमूह

पुणे–सोलापूर आणि मिरज–लातूर हे दोन लोहमार्ग आमच्या कुर्डुवाडीत एकमेकांना मिळतात. त्यामुळे येथील वैद्याकडे येणारा रुग्ण बहुधा बार्शी, सोलापूर वा पुणे येथील तपासण्यांचे कागद बरोबर घेऊनच येतो. त्या कागदांवर एक अक्षरसमूह आम्हांस वारंवार भेटतो : आर, आर, एच. डायरिया, हॅमरेज, ल्युकोरिया, सिरोसिस, अरिदमिया या सर्व शब्दांच्या इंग्रजी लेखनात तो आहे. उच्चारात दुसरा ‘आर’ आणि ‘एच’ ऐकू येत नाहीत, म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. परंतु या तीन अक्षरांपुढे काय येते, यावर रोगाचा अर्थ ठरतो.

हा समूह ग्रीक भाषेतून आला. ग्रीक शब्दाच्या आरंभी येणारा ‘र’ महाप्राण असे. रोमन लिपीत तो ‘आर-एच’ असा लिहिला गेला. असा शब्द समासात स्वरान्त पदापुढे आला की ‘आर’चे द्वित्व होते. लय या अर्थाच्या ‘रिदम’मध्ये एक ‘आर’ आहे. निषेधार्थक ‘अ’ लागून ‘अरिदमिया’, म्हणजे हृदयगतीची अनियमितता, झाला की दोन होतात. नाकातून पाणी वाहण्यास ‘ऱ्हायनोरिया’ म्हणतात. त्यात आरंभीच्या ‘नाक’ या पदात एक ‘आर’ आणि पुढच्या ‘वाहणे’ या पदात दोन, असे दोन्ही प्रकार एकत्र दिसतात.

‘वाहणे’ या अर्थाचा तो ग्रीक धातू आपल्या संस्कृत ‘स्रु’ धातूचा सख्खा भाऊबंद आहे. ग्रीकमध्ये आरंभीचा ‘स’ लोपला, आपल्या ‘स्राव’ शब्दात तो टिकला. समासात दिसणारा जोड ‘आर’ ही त्या लुप्त ‘स’काराचीच खूण होय.

‘रिया’ : वाहणे

डायरिया म्हणजे आरपार वाहणे, आपला अतिसार. मात्र ‘अतिसार’ हा शब्द ‘सृ’ धातूपासून आला आहे, ‘स्रु’पासून नव्हे. येथे अर्थ जुळतो, धातू जुळत नाही. ल्युकोरिया म्हणजे पांढरा स्राव, श्वेतप्रदर. अमेनोरिया म्हणजे मासिक स्रावाचा अभाव, डिसमेनोरिया म्हणजे तो कष्टाने होणे. पायोरिया म्हणजे पूयस्राव; सुश्रुतोक्त दन्तवेष्टात पूय-रक्ताचा स्राव आणि दात हलणे ही लक्षणे आहेतच. गोनोरियाचा शब्दार्थ ‘बीजाचा स्राव’ असा आहे. तो स्राव शुक्राचा आहे, असा प्राचीन ग्रीक वैद्यांचा समज होता. वस्तुतः तो पूय असतो आणि त्याचा जंतू नायसर यांनी १८७९ मध्ये दाखवून दिला. केवळ शब्दार्थावरून या व्याधीस शुक्रमेह ठरविणे म्हणजे जुनी चूक पुन्हा करणे होय.

‘हॅमरॉइड’ म्हणजे रक्त वाहणारे. हे नाव आर्द्र अर्शास शोभते; चरकांनी सांगितलेल्या शुष्कार्शात रक्त वाहत नाही, तरी इंग्रजीत नाव तेच राहते.

‘रेज’ आणि ‘रेजिया’ : फुटून वाहणे

येथे धातू निराळा, ‘फुटणे’ या अर्थाचा आहे. हॅमरेज म्हणजे रक्तस्राव. प्रत्येक हॅमरेज रक्तपित्त नव्हे; अपघाताने झालेल्या जखमेतील रक्तस्रावाची संप्राप्ती वेगळी आहे.

‘राफी’ आणि ‘रेक्सिस’

‘राफी’ म्हणजे शिवणे. हर्नियोराफी म्हणजे अंत्रवृद्धीच्या शस्त्रकर्मातील सीवन. अष्टविध शस्त्रकर्मांतील सीव्य येथे आठवावे. ‘रेक्सिस’ म्हणजे फाटणे. बायोप्सीच्या अहवालातील ‘कॅरिओरेक्सिस’ म्हणजे पेशीकेंद्राचे तुकडे होणे.

एक अपवाद

सिरोसिसमध्ये स्राव नाही, फुटणेही नाही. यकृताच्या पिंगट-पिवळ्या रंगावरून लाएनेक यांनी १८१९ मध्ये हे नाव दिले. त्या रंगाच्या मूळ ग्रीक शब्दातच हा समूह आहे. तेव्हा अक्षरे सारखी म्हणून अर्थ सारखाच, असे गृहीत धरू नये.

एका अक्षराचे मोल

काही वर्षांपूर्वी पन्नाशी उलटलेल्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांच्या कागदावरील शब्द आम्ही घाईत ‘मेनोरेजिया’ असा वाचला आणि रक्तप्रदराची चिकित्सा योजण्याच्या बेतात होतो. पुन्हा पाहिले तेव्हा तेथे ‘एन’ नसून ‘टी’ होता : मेट्रोरेजिया. ‘मेनो’ म्हणजे महिना, ‘मेट्रो’ म्हणजे गर्भाशय. पहिल्यात पाळीच्या वेळी अतिस्राव होतो, दुसऱ्यात पाळीशी संबंध नसलेला. विचारता कळले की त्यांची पाळी बंद होऊन तीन वर्षे झाली होती. रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावात गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता प्रथम वगळावी लागते. आम्ही औषध न देता त्यांना त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले.

सुश्रुतांच्या असृग्दर-वर्णनात अतिप्रवृत्ती आणि ऋतुकाळाखेरीज होणारी प्रवृत्ती अशा दोन्ही अवस्था येतात. म्हणून ‘असृग्दर’ असे निदान लिहून आपले काम संपत नाही. स्राव कोणत्या काळी होतो, तेही नोंदवावयास हवे. आधुनिक स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही हे दोन ग्रीक शब्द संदिग्ध ठरवून त्यांऐवजी साधे वर्णन लिहिण्याची शिफारस केली आहे. तरीही केसपेपरवर ते अजून आढळतात.

ब्रिटिश वळणाच्या लेखनात ‘डायरिया’च्या शेवटी ‘ओ-ई-ए’ येते, अमेरिकन लेखनात ‘ई-ए’. शब्द एकच आहे. त्याने गोंधळून जाण्याचे कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधिसंज्ञांना रोगवर्गीकरणात सांकेतिक क्रमांक दिले. आपल्या संज्ञा आणि इंग्रजी संज्ञा यापुढे एकाच नोंदीत शेजारी-शेजारी येतील. अशा वेळी एका संज्ञेपुढे दुसरी यांत्रिकपणे लिहून चालणार नाही. वैद्यबंधु-भगिनींना आमची विनंती आहे की, कागदावर दोन ‘आर’ आणि एक ‘एच’ दिसताच क्षणभर थांबावे, मागचे पद वाचावे, पुढचे पद वाचावे, आणि मग रुग्णास प्रश्न विचारावा. नाडी पाहण्यापूर्वीचे हे अर्धे मिनिट कधी कधी फार मोलाचे ठरते.