बाळाला आईपासून तोडण्याआधी

बाळंतीण रात्र रात्र झोपत नाही, सारखी रडते, बाळाला जवळ घेत नाही. मग घरात कुणीतरी म्हणतेच, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, पोर हिच्यापासून काढून घ्या." निडी, नागोठणे, रोहा परिसरातील माताभगिनींनो, आम्ही स्पष्ट सांगतो: बाळंतपणानंतरचा मानसिक आजार उपचाराने बरा होतो. आधी आशाताईंना सांगा, बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात न्या. ती स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे बोलत असेल, तर एक तासही थांबू नका. दोघांजवळ कुणीतरी सतत राहा.

कायदाही आईच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 21 सांगते की, मनोरुग्णालयात दाखल आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये. बाळाला धोका असल्याने वेगळे केलेच, तर दर 15 दिवसांनी फेरविचार हवा. सलग 30 दिवसांपुढे वेगळे ठेवायला प्राधिकरणाची मंजुरी लागते.

मतिमंद म्हणून हिणवलेल्या बाईचे काय? 2009 मध्ये चंदीगडच्या एका निराधार मुलीचा गर्भ पाडण्याचा हायकोर्टाचा आदेश सुप्रीम कोर्टाने रद्द केला, कारण तिला मूल हवे होते. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायकोर्टानेही विचारले: बुद्धी थोडी कमी, म्हणून आई होण्याचा हक्क नाही काय?

मूल संस्थेत ठेवण्याचा निर्णय बाल कल्याण समिती चौकशी करून घेते. शेजारी, सासर किंवा एखादी संस्था तो परस्पर घेऊ शकत नाही. बाल न्याय कायदा 2015 नुसार संस्था हा शेवटचा उपाय आहे. आईने स्वतः मूल सोपवले, तरी फेरविचाराला दोन महिने मिळतात. म्हणून न वाचता कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नका.

वकिलाच्या पैशाची चिंता नको. विधी सेवा कायदा 1987 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. मनाच्या त्रासासाठी 14416, मुलांसाठी 1098.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तो आईचा भार एकटीवर पडू नये म्हणूनच. आपल्या वस्तीतल्या बाळंतिणीच्या दारात आज आपण उभे राहू या. तिला दोन घास, चार तास झोप आणि सोबत द्या. मूल आईजवळच राहील.